काटा पळतो, किलोमीटर हलत नाहीत

फियाट, पद्मिनी, ॲम्बेसेडर किंवा जुनी मर्सिडीज, गाडी कुठलीही असो, तक्रार साधारण एकाच शब्दांत येते: स्पीडचा काटा ठीक चालतो, पण किलोमीटरचे आकडे थांबलेत. मीटर उघडला जातो, शाफ्टवर घसरणारा छोटा गिअर सापडतो, तो चिकटवला जातो. काही दिवस आकडे फिरतात आणि एक पावसाळा गेला की पुन्हा तेच. दुसऱ्यांदा चिकटवलेला गिअर पहिल्यापेक्षा लवकर सुटतो.

दोष गोंदाचा नसतो. गिअर सरकतो तो त्याच्यावर नको तेवढा भार आल्यामुळे, आणि हा भार येतो जड झालेल्या आकड्यांच्या चाकांचा. मुंबईच्या दमट हवेत, वर्षातले चार महिने ताडपत्रीखाली उभ्या राहणाऱ्या गाडीत, ही चाकं आणि त्यांचा शाफ्ट हळूहळू धरतात. ती मोकळी न करता फक्त गिअर बसवला तर तक्रार परत येणारच.

मीटर खोलण्याआधी

गिअरबॉक्सच्या मागच्या भागातून निघालेली एकच केबल मीटरमधला मुख्य शाफ्ट फिरवते. या शाफ्टच्या टोकाला चुंबक असतं. ते फिरलं की त्याच्याभोवतीची ॲल्युमिनियमची वाटी ओढली जाते आणि काटा उठतो. चुंबक आणि वाटी एकमेकांना कुठेही टेकत नाहीत. ओडोमीटरला, म्हणजे किलोमीटरच्या आकड्यांना, मात्र याच शाफ्टवरच्या वर्ममधून (स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरमधून), दाताला दात लागून गती मिळते. ही मांडणी लक्षात घेतली तर डॅशबोर्डला हात न लावता अर्धं निदान होतं.

काटा आणि आकडे दोन्ही बंद असतील तर मीटर सध्या विसरा. केबल तुटली असेल, तिचं चौकोनी टोक घासून गोल झालं असेल, किंवा गिअरबॉक्सवरचा पिनियन (केबल फिरवणारा छोटा गिअर) गेला असेल. काटा नीट चालतो आणि आकडे थांबलेत, तर केबल निर्दोष आहे. नवी केबल विकत घेऊन काही होणार नाही. ट्रिप (बटणाने शून्य करता येणारे छोटे आकडे) फिरते पण एकूण किलोमीटर फिरत नाहीत, तर वर्म आणि मधला गिअर ठीक आहेत, दोष एकूण आकड्यांच्या स्वतःच्या गिअरमध्ये किंवा चाकांत आहे. आकडे फिरतात आणि काटा मेलेला आहे, हे वेगळंच दुखणं आहे: वाटी किंवा केसासारखी बारीक स्प्रिंग. ते घड्याळजीच्या हाताचं काम आहे, इथे त्यात शिरत नाही.

काटा ३०-४०च्या आसपास थरथरत असेल तर केबल कोरडी आहे किंवा कुठेतरी दुमडली आहे. आकडे बंद असोत वा नसोत, हे आधी दुरुस्त करा. थरथरणारी केबल अडकते आणि सुटते, आणि सुटताना बसणारा प्रत्येक झटका नायलॉनच्या दातांवर जातो.

आकडे कुठे थांबले ते लिहून ठेवा

मीटर ३९,९९९ किंवा ४९,९९९ च्या अलीकडे-पलीकडे थांबला असेल तर तो योगायोग समजू नका. आकड्यांच्या प्रत्येक दोन चाकांमध्ये एक चिमुकला पिनियन असतो. उजवीकडच्या चाकाच्या डाव्या कडेला दोनच दात असतात, आणि त्याच्या डावीकडच्या चाकाच्या उजव्या कडेला वीस. उजवं चाक एक पूर्ण फेरा मारतं तेव्हा ते दोन दात पिनियनला ढकलतात आणि डावं चाक वीसपैकी दोन दात, म्हणजे एक दशांश फेरा, पुढे सरकतं. एरवी एकच चाक फिरत असतं. पण सगळीकडे ९ आले की चार-पाच चाकं एकाच वेळी ओढावी लागतात आणि गिअरवरचा भार सगळ्यात जास्त होतो. अशक्त गिअर नेमका तिथेच हार मानतो.

थांबण्याची जागा नऊच्या रांगेशी जुळत नसेल, पण आकडे ठरावीक अंतरानंतर एकदा अडकून पुढे जात असतील, तर बहुधा नायलॉनच्या गिअरला उभी चीर गेलेली आहे. चिरेपाशी दोन दातांमधलं अंतर वाढतं आणि दर फेऱ्याला तो एक दात वर्ममध्ये नीट बसत नाही. ही चीर दोन दातांच्या मधल्या खाचेत असते, भिंगाशिवाय दिसत नाही.

चालत्या गाडीत ट्रिपचं बटण दाबून शून्य करायची सवय हे तिसरं कारण. बऱ्याच मीटरमध्ये त्या क्षणी फिरत्या गिअरवर उलटा जोर येतो. गाडी उभी करूनच बटण दाबा, आणि गाडी घरातल्या दुसऱ्या कुणाच्या हाती जात असेल तर त्यांनाही सांगा.

मीटर बाहेर काढणं

बॅटरीची अर्थ वायर आधी काढा. मागून केबलची नट हातानेच सैल करा. पक्कड लावली तर जुन्या मीटरची मागची नळी तुटते, कारण ती बऱ्याचदा मझॅकची, म्हणजे जस्ताच्या ओतीव मिश्रधातूची, असते. बल्बचे होल्डर ओढण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. मीटर काचेवर पालथा ठेवू नका, घडी केलेल्या जाड कापडावर ठेवा.

काच धरून ठेवणारं कडं दोन प्रकारचं असतं. स्मिथ्स या ब्रिटिश कंपनीच्या अनेक मीटरना ते खाचांवर फिरवून निघतं. गंजलं असेल तर कडेने भेदक तेलाचा एक थेंब सोडा आणि रात्रभर थांबा. तेल काचेखाली जाता कामा नये. व्हीडीओ (VDO) या जर्मन कंपनीच्या पद्धतीचं कडं मागच्या बाजूला दुमडलेलं असतं. छोट्या चपट्या स्क्रू ड्रायव्हरने एका वेळी दोन-तीन मिलिमीटर उचलत पूर्ण गोल फिरा आणि मग दुसरी फेरी करा. एकाच जागी जोर लावला तर पत्रा ताणला जातो आणि परत बसवताना तिथे सुरकुती राहते. त्या सुरकुतीतून पुढच्या जूनमध्ये वाफ आत शिरेल.

काटा काढणं हा सगळ्यात नाजूक भाग आहे. तो शून्याच्या खिळ्याला टेकलेला असतो, पण स्प्रिंगचा थोडा ताण त्यात शिल्लक असतो. म्हणून आधी काटा अलगद उचलून खिळ्याच्या पलीकडे जाऊ द्या. तो मोकळेपणी जिथे थांबतो तिथे डायलवर मास्किंग टेपचा बारीक तुकडा लावा. परत बसवताना काटा याच खुणेवर बसवायचा आणि मग उचलून खिळ्याच्या अलीकडे आणायचा. ही खूण चुकली तर किलोमीटर बरोबर येतील आणि स्पीड चुकीचा दिसेल. काटा खेचताना डायलवर पुठ्ठा ठेवून दोन्ही बाजूंनी दोन चमचे सारख्या जोराने दाबा. एका बाजूने उचकटलात तर वाटीची पिन वाकते.

आधी चाकं, मग गिअर

ज्या गिअरचा संशय आहे त्याच्यावर आणि शाफ्टवर मिळून रंगाची एक बारीक रेघ ओढा. मुख्य शाफ्ट हाताने फिरवा. रेघ तुटून दोन तुकडे वेगळे झाले तर गिअर घसरतोय हे पक्कं. आता तो गिअर तसाच ठेवा आणि आकड्यांचा संच मोकळा करा.

शाफ्टच्या टोकाला बहुधा ई-क्लिप (E आकाराची छोटी क्लिप) असते आणि चाकांच्या मध्ये पातळ वायसर (वॉशर). क्लिप काढताना वर बोट ठेवा, नाहीतर ती उडून गॅरेजच्या गटारात जाते. चाकं, पिनियन आणि वायसर ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने एका तारेत ओवून ठेवा. वायसरांची अदलाबदल झाली तर एखाद्या चाकाला नको तेवढी ढील मिळते, दुसरं आवळलं जातं, आणि आकडे ओळीत उभे राहत नाहीत.

शाफ्टवर पिवळट, मेणासारखा थर दिसेल. हे जुनं तेल आणि धूळ. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापडाने शाफ्ट पुसा. चाकांची भोकं टूथपिकवर कापूस गुंडाळून आतून स्वच्छ करा. गंज असेल तर २०००च्या पॉलिश पेपरने नुसता हात फिरवा, माप कमी करायचं नाही. आकडे छापलेल्या बाजूला अल्कोहोल, पेट्रोल, थिनर यांतलं काहीही लागू देऊ नका. पांढरी छपाई एका पुसण्यात निघते आणि मग आयुष्यभर त्या जागी काळा डाग दिसतो. तिथे ओलसर कापूस आणि साबणाचं पाणी पुरतं.

कुलूप, बिजागरी आणि सायकलची साखळी यांवर फवारायचं स्प्रे-तेल मीटरमध्ये मारणारे खूप आहेत. त्याने पहिले काही दिवस सगळं छान फिरतं. मग ते तेल पसरत वाटीपर्यंत जातं, धूळ धरतं, काही वेळा छपाई सोडवतं. घड्याळाचं तेल घ्या आणि शाफ्टवर सुईच्या टोकाने प्रत्येक चाकामागे शेंगदाण्याच्या टरफलावरच्या ठिपक्याएवढं लावा. नायलॉनच्या दातांना काहीच लावायची गरज नसते.

संच परत जुळवल्यावर गिअर न जोडता पहिलं चाक बोटाच्या टोकाने फिरवा, आणि ९९ वरून १०० वर, ९९९ वरून १००० वर जाताना काय जाणवतं ते पाहा. जोर थोडा वाढणं स्वाभाविक आहे. पण बोट अडलं, चाक उडी मारून पुढे गेलं किंवा शेजारचा आकडा अर्धवट राहिला तर अजून काहीतरी धरलेलं आहे. बहुतेक वेळा पिनियनचा एखादा दात झिजलेला असतो किंवा वायसर चुकीच्या जागी असतो. या चाचणीत पास होईपर्यंत पुढे जाऊ नका. पुढचं सगळं काम याच्यावर उभं आहे.

गिअर पक्का करणं

जुन्या व्हीडीओ मीटरमध्ये, आणि डब्ल्यू १२३ मालिकेच्या मर्सिडीजमध्ये तर हमखास, आकड्यांच्या शाफ्टवर दाबून बसवलेला गिअर सैल होतो. गिअर शाबूत असेल तर शाफ्ट दोन-तीन मिलिमीटर बाजूला ढकला. गिअरखालची जागा उघडी पडली की तिथे धारदार कटरने हलके आडवे-उभे ओरखडे काढा आणि शाफ्ट परत जागेवर ढकला. धातूच्या गिअरला यासोबत रिटेनिंग कंपाउंड (धातूचे दाबून बसवलेले भाग पक्के करणारा द्रव) चालतं. प्लॅस्टिकवर ते वापरू नका, काही प्लॅस्टिकना त्याने चिरा पडतात.

प्लॅस्टिकच्या गिअरसाठी अरालडाइटसारखं सावकाश सुकणारं इपॉक्सी घ्या, पण केवळ त्याच्या भरवशावर राहू नका. नायलॉन आणि ॲसिटल या गिअरच्या प्लॅस्टिकना इपॉक्सी नीट चिकटतच नाही. दुसऱ्यांदा चिकटवलेला गिअर लवकर सुटतो त्याचं हेही एक कारण. म्हणून शाफ्टवर कानसने छोटा सपाट भाग करा, गिअरच्या भोकात सुईने एक-दोन खाचा पाडा, आणि इपॉक्सी त्या दोहोंमध्ये पाचर म्हणून बसू द्या. टाचणीच्या टोकावर मावेल एवढंच. २४ तास हात लावू नका.

फेव्हिक्विक मीटरच्या जवळही आणू नका. सुकताना त्याची वाफ उठते आणि बंद जागेत काचेवर, डायलवर पांढरा थर धरते. शिवाय ते पातळ असल्यामुळे बुशमध्ये ओघळतं आणि शाफ्टच जाम करतं.

चीर गेलेला गिअर चिकटवण्यात अर्थ नाही. तो बदलावाच लागतो. मोजून करून घ्यायचा असेल तर दात मोजा, बाहेरचा व्यास कॅलिपरने चिरेपासून लांबच्या जागी मोजा, आणि व्यासाला दातांच्या संख्येत २ मिळवून भागा. २० दात आणि ११ मिमी व्यास असेल तर ११ ÷ २२, म्हणजे मॉड्यूल (दातांच्या मापाचा आकडा) ०.५. वर्मवर चालणाऱ्या गिअरचे दात थोडे तिरपे असतात, म्हणून कारागिराला जुना गिअर आणि वर्म दोन्ही दाखवा. ॲसिटल चांगलं चालतं. पितळी गिअर टिकाऊ वाटतो, पण समोरचा वर्म पितळी असेल तर तोच झिजू लागतो, आणि वर्म मिळणं गिअर मिळण्यापेक्षा अवघड. भोक शाफ्टपेक्षा ०.०२ ते ०.०३ मिमी लहान असावं. जास्त आवळ बसवलेला गिअर पुन्हा चिरतो. जुना चिरला तो बहुधा त्याच ताणाने.

मझॅकचा भाग फुगलेला, पांढरी भुकटी सुटलेला किंवा बारीक चिरांनी भरलेला दिसला तर तो आतून सडलेला आहे. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ राहिली की असं होतं, आणि दमट उष्ण हवेत ते वेगाने वाढतं. त्याला इलाज नाही, दुसरा भाग शोधा.

स्मिथ्सचा खटका

ब्रिटिश पद्धतीच्या अनेक मीटरमध्ये सलग फिरणारा गिअर नसतो. वर्म एक चाक फिरवतो, त्याच्यावरची कळ एका खटक्याला मागे-पुढे करते, आणि खटका दातेरी चाकाला एकेक दात ढकलतो. दुसरी एक बारीक पट्टी ते चाक मागे येऊ नये म्हणून धरून ठेवते. पहिलं चाक जागच्या जागी थरथरतं पण पुढे जात नाही, असं दिसलं तर ही धरणारी पट्टी ढिली झाली आहे: खटका जेवढं पुढे नेतो तेवढं चाक परत मागे येतं. पट्टी चिमट्याने अगदी किंचित वाकवा. जास्त वाकवली तर चाक जड होतं आणि खटक्याची स्प्रिंग हरते. खटक्याच्या खिळ्यावर घट्ट झालेलं ग्रीस हे दुसरं नेहमीचं कारण.

दुसरा मीटर घ्यायचा झाला तर

ऑपेरा हाऊसची स्पेअरची दुकानं, कुर्ल्याचा सीएसटी रोड, चोर बाजारातली मटण स्ट्रीट, इथे जुने मीटर बघायला मिळतात. डायल सारखी दिसली म्हणून उचलू नका. डायलवर खाली बारीक अक्षरांत एक संख्या असते. व्हीडीओवर 'डब्ल्यू = १.०' लिहिलं असेल तर एका किलोमीटरला केबलचे १००० फेरे. स्मिथ्सवर १००० किंवा १२८० असा आकडा असतो, तो मैलाच्या मीटरवर दर मैलाचा. मैलाला १००० म्हणजे किलोमीटरला सुमारे ६२१.

तुमच्या गाडीचा आकडा असा काढा. केबल मीटरमधून सोडवा, आतल्या तारेच्या टोकाला टेपचं छोटं निशाण लावा. सपाट जागेत २० मीटर मोजून खूण करा, गाडी न्यूट्रलमध्ये ढकला आणि निशाण किती फेरे फिरलं ते मोजा. आलेली संख्या गुणिले ५०. टायरची हवा आधी बरोबर करून घ्या. गाडी १००० देत असेल आणि घेतलेल्या मीटरला १२५० हवे असतील, तर दर किलोमीटरला मीटर ८०० मीटरच दाखवेल. फक्त आतला आकड्यांचा संच आणि त्याचे गिअर घ्यायचे असतील तरी हा आकडा जुळायला हवा.

केबल आणि तेल

दुरुस्त केलेला मीटर जुन्या केबलवर तसाच चढवू नका. आतली तार बाहेर ओढा, पुसा, टेबलावर ठेवून लोळवा. कुठे उड्या मारत असेल तर ती वाकलेली आहे, बदला. खालच्या दोन तृतीयांश भागाला पातळ थर ग्रीस, मीटरकडचे शेवटचे १५-२० सेंटीमीटर जवळजवळ कोरडे. फिरती तार ग्रीस स्क्रूसारखं वर चढवते आणि ते मीटरच्या वाटीत जाऊन बसतं. तार नळीच्या तोंडापासून साधारण १० मिमी बाहेर यावी. जास्त आली तर ती मीटरच्या शाफ्टला आतून दाबते, आणि मग सगळी मेहनत एका खड्ड्यात वाया जाते. वळण १५ सेंटीमीटर त्रिज्येपेक्षा आवळ नको, आणि मीटरला लागण्याआधी शेवटचे पाच सेंटीमीटर केबल सरळ यावी. पूर्वी टॅक्सी म्हणून चाललेल्या गाडीच्या केबलवर भाड्याच्या मीटरसाठी बसवलेला जोड राहिला असेल तर तो काढून टाका, त्याचा भार उगाच राहतो.

मीटरच्या मागून किंवा केबलच्या नटमधून तेल ठिबकत असेल तर ते गिअरबॉक्सचं आहे. पिनियनच्या घरातलं ऑइल सील गेलेलं आहे. ते बदलल्याशिवाय मीटर बसवू नका.

चाचणी

जुन्या केबलच्या तारेचा १० सेंटीमीटरचा तुकडा ड्रिल मशीनमध्ये धरा आणि मीटर फिरवा. दिशा आधी हाताने पाहा: काटा वर उठला पाहिजे. उलट फिरवलं तर तो शून्याच्या खिळ्यावर दाबला जातो. किलोमीटरला १००० फेऱ्यांचा मीटर मिनिटाला १००० फेऱ्यांवर ६० दाखवतो आणि दर मिनिटाला एक किलोमीटर पुढे जातो. ड्रिल १५००च्या वर नेऊ नका. निदान दहाचा आकडा दोन-तीनदा बदलेपर्यंत चालू द्या आणि गिअरवरची रंगाची रेघ पुन्हा बघा. ती अखंड असेल तरच कडं लावा, आणि काचेखालची रबरी रिंग नवी टाका. मूळ बल्ब २.२ वॅटचा असेल तर तेवढाच लावा. मोठ्या बल्बच्या उष्णतेने प्लॅस्टिकची चाकं वाकतात.

मीटर बदलला असेल तर सर्व्हिस बुकात तारीख, जुन्या मीटरचा शेवटचा आकडा आणि नव्याचा पहिला आकडा लिहा. आकडे हाताने मागे फिरवून गाडी विकणं ही सरळ फसवणूक आहे. ५० वर्षांहून जुन्या गाडीची व्हिंटेज नोंदणी करणार असाल तर मूळ मीटर फेकू नका. गाडी मूळ रूपात असणं ही त्या नोंदणीची अटच आहे.

रस्त्यावर पडताळायला फोनचा जीपीएस पुरतो, फक्त कोस्टल रोड धरू नका, बोगद्यात सिग्नल जातो. रविवारी सकाळी ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर सायनपासून मुलुंडच्या दिशेने १० किलोमीटर जा. मीटर ९.८ ते १०.३ दाखवत असेल तर तसाच राहू द्या. एवढा फरक टायरच्या झिजेतून आणि हवेतूनही येतो. ११ दाखवत असेल तर मीटरमध्ये शोधण्याआधी टायरचा साइज बघा: मूळ टायर जाऊन लहान घेराचे रेडियल बसले असतील.